मावशींच्या खिडकीतून

ज्या शाळेत मी बारा वर्षं चौथीला शिकवलं, तिथे मुलांची ताटं घासायला एक मावशी होत्या. त्यांचं नाव हजेरीपटावर असणारच, पण मी ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मोठ्या बाईंपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. बुटक्या, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, कमरेला रबरी एप्रन आणि तोंड हातांपेक्षा जोरात चालणारं.

जेवणाच्या खोलीच्या टोकाला भिंतीत एक खिडकी होती. जेवण झालं की मुलं त्या खिडकीतून ताट आत सरकवायची. पलीकडे मावशी उभ्या. खरकटं बादलीत, चमचे टबात, ताट पाण्यात. रोजची दोनशे चाळीस ताटं. नुसत्या ताटावरून त्या पोर ओळखायच्या. वाटाणे कडेला ओळीने मांडलेले असले, तर ती पहिलीतली चष्मेवाली. कोबी पावाखाली दडवलेला असला, तर माझ्या वर्गातला एक शहाणा.

जेवणाच्या वेळी देखरेखीला मी असायचे. देखरेख म्हणजे टेबलांमधून फिरत ‘भाजी संपवा, भाजी संपवा’ असं ओरडणं. एक दिवस मावशींनी मला खिडकीतून हाक मारली.

“बाई, रोज घसा फोडता. एकदा आत येऊन बघा तरी.”

मी आत गेले. त्यांनी त्या दिवशी दोन बादल्या ठेवल्या होत्या. भात-पावाच्या बादलीत तळाला चार घास. भाजीची मात्र काठोकाठ.

“बादलीचं पोट भरलंय बघा,” मावशी म्हणाल्या. “पोरांचं कधी भरायचं?”

मला उत्तर ठाऊक होतं. दुपारी तिसऱ्या तासाला माझा वर्ग जांभया द्यायचा आणि दप्तरातून वेफर्सच्या पुड्या कुरकुरायच्या.

मी ही गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर घातली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लावली, ‘भाजी संपवल्याशिवाय मैदानावर जाता येणार नाही.’ त्या दुपारी वीस-बावीस मुलं ताटासमोर बसून राहिली. थंडगार गाजराच्या फोडी आणि खाली घातलेल्या माना. माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी होती, तिने डोळे मिटून एक फोड गिळली आणि सगळं ताटातच ओकून टाकलं. पोरगी शरमेने रडायला लागली. मावशींनी येऊन तिचं तोंड पुसलं, टेबल पुसलं. मग ओल्या हातांनीच त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले.

“वाईट वाटून घेऊ नका,” मावशी म्हणाल्या, “पण शिक्षा म्हणून गाजर दिलंत, तर ती पोरगी म्हातारी होईपर्यंत गाजराच्या वाटेला जायची नाही.”

मोठ्या बाई तशा कडक, पण ऐकून घेणाऱ्या. “मग काय करायचं, तुम्हीच सांगा.”

एवढं कुणी विचारेल असं मावशींना वाटलं नव्हतं. त्यांनी हात एप्रनला पुसले. “मला आठ दिवस द्या,” म्हणाल्या. “आणि ती सूचना काढा.”

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी आल्या. गाजरं सोलली, बोटाएवढे लांब तुकडे केले आणि थंड पाण्यात टाकले. आमचे आचारीकाका हाताची घडी घालून बघत होते. तीस वर्षांचा अनुभव असलेला, नाकावर राग असलेला माणूस.

“कच्ची देणार? शाळेत ससे भरती केलेत का?”

“काका, तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही. तुमची भाजी मी स्वतः खाते. पण तुम्ही ती शिजवता आठला आणि पोरं खातात साडेबाराला. तोवर तिच्यात काही जीव राहतो का?”

काका फणकारले आणि पातेल्याकडे वळले.

साडेबाराला मुलं रांगेत उभी राहिली. रांग लांब, ताट हातात यायला पंधरा मिनिटं लागायची. पोटात कावळे ओरडत असायचे, म्हणून मुलं एकमेकांना ढोसत असायची. मावशींनी नेमकी ती पंधरा मिनिटं हेरली होती. गाजरांचा ट्रे घेऊन त्या रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या. ‘खा’ म्हणाल्या नाहीत. कुणाचा दात पडला, कुणाची बहीण आजारी आहे, अशा गप्पा मारत राहिल्या. एकाने गाजराच्या मिशा करून दाखवल्या आणि मग मिशा खाऊन टाकल्या. दुसऱ्याने दोन उचलली. बघता बघता रांगभर कडाकड आवाज सुरू झाला. ट्रेमध्ये नुसतं पाणी उरलं.

सगळंच असं सरळ झालं नाही. काकडी खपली, पण चौथ्या दिवशी मावशींनी बीट आणलं. पन्नास सदरे लाल झाले आणि आयांच्या तक्रारी आल्या. “माझंच डोकं फिरलं होतं,” मावशींनी कबूल केलं आणि बीट बंद केलं. पण आठवडा सरता सरता आचारीकाका खिडकीपाशी येऊन बादलीत डोकावताना दिसले. सोमवारी त्यांनी विषय काढला, तोही भिंतीकडे बघत.

“भाजी अकराला फोडणीला टाकली, तर चालेल का?”

“चालेल म्हणजे? धावेल!” मावशी म्हणाल्या.

ती अबोल मुलगी मात्र कशालाच हात लावत नव्हती. मावशींनी तिला काही खायला सांगितलंच नाही. तिच्या हातात ट्रे दिला. “माझे हात दुखतात गं, जरा धर.” तीन आठवडे ती रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रे घेऊन फिरली. एक दिवस तिने काकडीचा एक तुकडा उचलला, वास घेतला आणि टोक कुरतडलं. मी आनंदाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात मावशींनी मला कोपर मारलं आणि स्वतः छताकडे बघत राहिल्या.

“आपण बघतोय हे कळलं असतं, तर तिने परत खाल्लं नसतं,” नंतर म्हणाल्या.

महिन्याभराने तिची आई शाळेत आली. थेट कामावरून, खांद्याला पिशवी, चेहरा दमलेला. मी तिला मावशींकडे नेलं.

“घरी काकडी मागते हो. तुम्ही घालता तरी काय त्यात?”

“काही नाही. भूक घालते,” मावशी म्हणाल्या. “जेवणाआधी बिस्किटं देता का?”

“काय करणार? मी यायला सात वाजतात. तोवर कळ काढवत नाही तिला.”

“मग सकाळीच दोन काकड्या धुऊन खालच्या फळीवर ठेवा, तिचा हात पोचेल तिथे. आणि रात्री भाजी चिरायला तिला शेजारी घ्या. वेळ लागेल, वेडंवाकडं चिरेल. चिरू दे. तुम्ही खाता ना भाजी?”

आई ओशाळली. “खरं सांगू? तिच्या बाबांना आवडत नाही. मग मीही करत नाही.”

“रागावत नाही मी. पण पोरं आपलं बोलणं कमी ऐकतात आणि ताटात जास्त बघतात. बाबांना म्हणावं, एक घास खा, तोंड वाकडं न करता. नाटक जमत नसेल, तर चिरायला बसा.”

आई खळखळून हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पुढे कामावरून लवकर सुटली, की ती अधूनमधून शाळा सुटताना भेटायची. एकदा खिडकीशी थांबून म्हणाली, “आता मटार खाते, पालकसुद्धा खाते. कोबीला मात्र अजून हात लावत नाही.”

“नको लावू दे,” मावशी म्हणाल्या. “सगळं आपल्याला तरी कुठे आवडतं? मला स्वतःला भोपळा डोळ्यांसमोर नको.”

हे आचारीकाकांनी आतून ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, “मग उद्या भोपळाच करू का?”

“करा की,” मावशी म्हणाल्या. “मी रांगेत उभी राहते.”