साहेबाची गाभण दोरी

रेशमाला एक गाठ पडली की शेजारी दुसरी पडतीच. आमच्या घरातल्या गोष्टींचं तसंच. एक सोडवायला घ्यावी, तर चार हातात येतात!

आमी सोलापूरचे पटवेकरी. दागिने ओवायचे, रेशमी करदोडे विणायचे. मामंजींची नजर अधू झालेली, म्हणून गोफ मी विणायची आणि नाव त्यांचं. एक दिवस गिरणीचा मॅनेजर साहेब दारात आला. मासे धरायची त्याची विलायती रेशमी दोरी इथल्या उन्हानं कुजली होती.

"दोरी जमली, तर तुमच्या मुलाला गिरणीत घेतो," म्हणाला.

आमचे हे वर्षभर घरी बसलेले. त्या दिवसापासून माझा जीव एका जागी ठरंना.

*

पहिली दोरी विणली आणि रिवाजाप्रमाणं शेवटाला लाल गोंडा लावला. साहेब पाद्र्याकडं मराठी शिकलेला, पोथीतलं बोलायचा.

"हा गोंडा कशासाठी?"

मामंजी पुढं झाले. "बिनगोंड्याचा गोफ आमी घराभाईर देत न्हाई, सायेब. अपशकुन असतो."

"अहो, मासा घाबरून पळेल!"

मामंजी म्हणाले, "पळतोय कशाला? लग्नघर समजून येईल की!"

*

साहेबाची काठी दोन पुरुष लांब, दोन्ही हातांनी फिरवायची. गळाला पिसांची खोटी माशी. तिला वजनच नाही. दोरीच्या वजनानं ती लांब जायची. म्हणजे सगळा खेळ दोरीचा!

पहिली दोरी हलकी निघाली, काठी वाकंचना. दुसरी मी चांगली जाडजूड विणली. बंगल्यापुढच्या हिरवळीवर परीक्षा. मी फाटकाशी उभी. साहेबानं जोरात काठी फिरवली, तर गळ त्याच्याच टोपीत! टोपी थेट गुलाबाच्या झाडावर.

मामंजींनी टाळी वाजवली. "घावला की सायेब, पैला!"

साहेब हसला नाही. मला वाटलं, टोपीसंगं ह्यांची नोकरीबी गेली.

*

पण साहेबानं आणखी एक संधी दिली. "दोरी मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती पाहिजे."

मामंजी घरी येऊन कावले. "पोटात जाड? दोरी हाय का गाभण म्हैस!"

मी एकेक पदर वाढवत गेले, मग एकेक सोडत आले. तीनदा उसवलं. जवसाचं तेल चोळून दोरी परसात ताणली. जरा आत गेले, तेवढ्यात शेजारच्या गुरव्वानं तिच्यावर ओलं नऊवारी लुगडं टाकलं!

"अगं गुरव्वा, साहेबाची दोरी ती!"

"मग? लुगडं पेलती, मासा न्हाई पेलायची व्हय?"

*

भीमेवर साहेबासंगं मामंजी, हे आणि मी, आमी तिघं गेलो. मी गाठी मारायला. दोरी सरळ गेली, अलगद टेकली, आणि मासा लागला! ओढाओढीत काठी मोडली. साहेब गळ्यापर्यंत पाण्यात, पण दोरी सोडीना. ह्यांनी आणि मामंजींनी साहेबाला ओढलं, साहेबानं माशाला.

"काठी तुटली, परंतु दोरी तुटली नाही!" साहेब ओलाचिंब ओरडला. "कोणी विणली?"

मामंजी घुटमळले. "सुनेनं."

"मग गिरणीत तिलाच घेतो!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पाण्याकडं बघत होते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आणि भाकरी कोण थापणार?"



सोमवारी भोंगा झाला. मी पदर खोचून दाराशी आले, तर ह्यांनी हातात फडकं दिलं. आत भाकरी होती. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची.