‘पास’च्या पुढचा शब्द

नात इंग्रजीचा अभ्यास करत होती. "आजी, क्रियापदाचं शेपूट बघायचं," ती म्हणाली. "अवे म्हणजे दूर. रन अवे, पळून जाणं. पास अवे..."

"पास कळतं मला."

"अगं, पास अवे म्हणजे मरणं!"

माझा धाकटा भाऊ शहरात मामाकडे राहून मॅट्रिकला बसला होता. निकालाच्या दिवसांत मामाची तार आली, इंग्रजीत. शेजारच्या तात्यांना त्यातलं ‘पास’ एवढंच लागलं. "वाट गं साखर!" म्हणाले. मी आळीभर वाटली. संध्याकाळी मास्तरांनी पुढचा शब्द वाचला.

तो वाचेपर्यंत, अर्धा दिवस, भाऊ आमच्या आळीत जिवंत होता आणि पासही झाला होता. मला अजून तोच दारात दिसतो.