तुंगाबाईंची मोडी वही

तुंगाबाईंना कुणी 'लग्नं जमवणाऱ्या बाई' म्हटलं की त्या चिडायच्या. "जमवते कोण? कोण कुणाला झेपेल तेवढं सांगते मी," म्हणायच्या. बेंगळुरातल्या बसवनगुडीत आमची जुनी मराठी घरं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. चुलीपाशी मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. या घरांतली चाळीस वर्षांतली निम्मी लग्नं तरी तुंगाबाईंच्या शब्दावर ठरली असतील. माझंही त्यातलंच. त्याबद्दल त्या एक खण आणि एक नारळ घेत, आणि पहिल्या बाळंतपणाला न बोलावता हजर होत.

त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. डावीकडच्या पानावर बाळबोध अक्षरात मुलाचं किंवा मुलीचं नाव, गोत्र, नक्षत्र, जन्मवेळ, उंची, शिक्षण, पत्ता, फोन. उजवीकडच्या पानावर शेरा, तो मोडीत. त्यांचे वडील जुन्या दप्तरखान्यात कारकून होते; मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला मोडी शिकवली. डावं पान मागेल त्याला दाखवायच्या. उजव्या पानावर मात्र जे असे, ते आयांनी मागच्या अंगणात, नळ सोडून ठेवून, हळू आवाजात सांगितलेलं असे. कुणाचा साखरपुडा मोडलेला, कुणाचे वडील घर सोडून गेलेले, कुणाच्या पाठीवर कोड.

"लिहून कशाला ठेवता?" मी एकदा विचारलं होतं.

"डोक्यात ठेवलं तर एकाचं दुसऱ्याला चिकटेल. आणि मोडी आता वाचतंय कोण? कुलूप आहे ते माझं."

हे शेरे दडवण्यासाठी नव्हते, हे सांगायला हवं. योग्य वेळी, योग्य माणसाला त्या ते सांगतच. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की त्या दुसऱ्या बाजूच्या आईला स्वयंपाकघरात गाठत आणि दोन वाक्यांत सांगून टाकत. पुढे त्या बाईनं हो म्हणावं की नाही, तो तिचा प्रश्न.

रूपश्रीचं असंच ठरलं. रूपश्री म्हणजे हेमावतीची मुलगी. हेमावती माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्नानंतर जयनगरात माझ्या मागच्याच रस्त्यावर राहायला आलेली. रूपश्री शाळेत गणित शिकवायची. नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत तिला झटके येत. मग औषधानं थांबले, आणि पुढच्या तेरा वर्षांत एकदाही आले नाहीत. तरी हेमावती रोज उठल्यावर आधी मुलीच्या तोंडाकडे बघायची. अठ्ठ्याण्णव साली कृष्णाबाईंच्या हर्षनं रूपश्रीला बघितलं आणि दहा मिनिटांत होकार दिला. मुलगा अमेरिकेत, घर ओळखीचं. तुंगाबाईंनी कृष्णाबाईंना आत नेलं. बाहेर हेमावती पदराचं टोक पिळत बसली होती.

कृष्णाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, एवढंच ना? आमच्या घरात काय कमी आहे का? मुहूर्त बघा."

मुहूर्त वैशाखातला निघाला.

त्याच सुमारास आमच्या समाजमंडळाला पन्नास वर्षं होत होती. सेक्रेटरी हयवदन, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले. हाताला काम नाही आणि उत्साह दांडगा. त्यांचा मुलगा संतोषकुमार इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये होता. मंडळाची वेबसाइट करायची आणि तिच्यावर वधूवरांची यादी टाकायची, असं बापलेकांनी ठरवलं. हयवदन वही मागायला आले तेव्हा मी तुंगाबाईंकडे वाती वळत बसले होते.

"तुंगाक्का, आपली मुलं आता जगभर पसरली. तुम्ही कुठवर चालत जाणार? एक बटण दाबलं की शिकागोत स्थळ दिसेल."

"दिसू दे की. डावीकडचं उतरवून घ्या. उजवीकडे बघू नका."

"बघून तरी काय कळणार आम्हाला? मुंग्या चालल्यासारखं दिसतंय."

सगळे हसले. तुंगाबाईही हसल्या. त्यांनी वही रुमालात बांधून दिली. फोन, पत्ता, जन्मवेळ हे सारं जगापुढे मांडायचं का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. पत्रिका तर आपण वाटतोच, असंच सगळ्यांच्या मनात. पण पत्रिका ज्याच्या हातात देतो त्याचं तोंड आपण बघतो. हे मला पुढे सुचलं.

बारा दिवसांनी वही परत आली. मंडळाच्या हॉलमध्ये कंप्युटरला हार घालून उद्घाटन झालं, उप्पीट-केसरीभात झाला. पडद्यावर पहिलं पान तेवढं उघडलं, टाळ्या वाजल्या, आणि लाइन तुटली.

मग एका मंगळवारी हेमावती तुंगाबाईंच्या दारात उभी राहिली. चपला काढायचंही भान नव्हतं.

"तुंगाक्का, एका माणसाचा फोन आला. परका. हिंदीत बोलत होता. माझ्या मुलीचं नक्षत्र त्याला ठाऊक. उंची ठाऊक. शाळेचं नाव ठाऊक. आणि हसून विचारतो, गोळी अजून घ्यावी लागते का?"

तुंगाबाईंनी तिला आत बसवलं. मग त्यांनी मला फोन केला, "विद्या, ते इंटरनेट कुठे बघायला मिळतं? मला ने."

जयनगर फोर्थ ब्लॉकमध्ये एका जिन्याखाली सायबर कॅफे निघालं होतं. चालवणारी बाई चाळिशीची, कपाळावर विभूतीची बोटं. तिनं पत्ता टाकला. पान वरून खाली असं उतरत गेलं, की वाटावं कुणी मुद्दाम सावकाश उलगडतंय. सगळं इंग्रजीत. नावं, फोन, घराचे पत्ते, आणि शेवटच्या रकान्यात शेरे.

तुंगाबाईंना इंग्रजी अक्षरं लागत. बी.ए. मी आहे, पण त्या दिवशी माझ्याआधी त्यांनीच वाचलं. वहीत रूपश्रीच्या पानावर मोडीत चार ओळी होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं: झटके कधी होते, कधी थांबले, आईच्या जिवाला घोर आहे, मुलगी सोनं आहे, घाई करू नये. पडद्यावर त्यातलं आजाराचं नाव तेवढं उरलं होतं.

"हे पुसा," त्या त्या बाईला म्हणाल्या.

"आमच्याकडे नाही हे अज्जी. ज्यांनी ठेवलं त्यांनीच काढायला पाहिजे."

"मग हे आहे कुठे?"

"अमेरिकेत असेल कुठेतरी. तिथं फुकट जागा देतात."

"पण दिसतंय तर इथं."

"सगळीकडेच दिसतंय अज्जी." ती बाई ओशाळली. तिनं आमच्यासाठी पंखा फिरवून दिला. तिला दुसरं काय करता येणार?

रिक्षात तुंगाबाई एकच म्हणाल्या, "मोडी वाचली कुणी?"

उत्तर त्यांच्याच घरात बसलं होतं. सुब्बाराव, त्यांचे धाकटे दीर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लहानपणी शाळेत मोडी गिरवलेले, पण ते सगळेच विसरून गेले होते. तुंगाबाई विधवा झाल्यापासून त्यांच्याच आश्रयाला, किंवा ते तुंगाबाईंच्या, जसं बघाल तसं. त्यांनी लपवलं नाही. उलट चेहरा खुलला.

"मीच वाचली, वहिनी. संतोषकुमार म्हणाला, रकाना रिकामा राहिला तर कंप्युटर अपुरं धरतो. हयवदनानं मला बोलावलं. तीन संध्याकाळी बसलो. मी वाचायचं, त्यानं इंग्रजी करून टायपायचं. ते सगळे बघत राहिले हो! म्हणाले, बेंगळुरात आता तुमच्यासारखा मोडी वाचणारा नाही."

"भावजी, ते वाचण्यासाठी नव्हतं."

"मग लिहिलंत कशाला?" म्हाताऱ्यानं निरागसपणे विचारलं. तीस वर्षांत त्यांना कुणी काही विचारायला आलं नव्हतं. तीन संध्याकाळी कॉफी आणि मान मिळाला, आणि त्यात आपण काय वाचतो आहोत हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांच्यावर ओरडून काय मिळणार होतं?

हयवदनांकडे गेलो. ते म्हणाले, "तुंगाक्का, स्वल्प शांत व्हा. काढायचं तर कमिटीत ठराव हवा. दुसऱ्या रविवारी मीटिंग."

"एका मुलीचं लग्न आहे, हयवदन."

"यादीत एकशे चौदा नावं आहेत. बाकी कुणाची तक्रार नाही."

"बाकीच्यांना ठाऊक नाही म्हणून."

"आणि खरं तेच लिहिलंय ना? खोटं असतं तर गोष्ट वेगळी."

आत संतोषकुमार जेवत होता. तो ताटावरून म्हणाला, "पप्पा, पंधरा मिनिटांचं काम आहे." हयवदनांनी नुसतं वळून बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि ताक ओतून घेतलं. शिकलेला, नम्र मुलगा. पंधरा मिनिटांचं ते काम व्हायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत कृष्णाबाईंच्या अमेरिकेतल्या भावानं ते पान कागदावर उतरवून घेतलं आणि तीन नातेवाइकांना पाठवलं. कृष्णाबाईंचा नकाराचा निरोप आला तशी तुंगाबाई स्वतः गेल्या. मी सोबतीला होते.

"कृष्णे, तुला सगळं माहीत होतं. मी सांगितलं होतं."

"होतं की. मी नाही म्हणाले का तेव्हा?" कृष्णाबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण तेव्हा मला ठाऊक होतं. आता माझ्या जावांना ठाऊक आहे, नणंदांना ठाऊक आहे. उद्या पोरीला साधी शिंक आली तरी सगळे एकमेकांकडे बघतील. मी किती तोंडं धरू, तुंगाक्का?"

"हर्ष काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई, तू ठरव."

तुंगाबाई पदर सावरून उठल्या. चाळीस वर्षं त्या अशाच 'आई ठरव' म्हणणाऱ्या मुलांची लग्नं लावत आल्या होत्या.

लग्न मोडलं. फोन येतच राहिले, तेव्हा हेमावतीनं नंबर बदलून घेतला. पत्ता कसा बदलणार? शाळेच्या फाटकाशी एकजण दोनदा येऊन उभा राहिला. रूपश्री रिक्षानं जाऊ-येऊ लागली. मग एक दिवस ती आपण होऊन तुंगाबाईंकडे आली. मला वाटलं रडेल. ती सरळ खुर्चीवर बसली.

"हयवदनमामांना मी काही म्हणणार नाही. त्यांना अक्कल नाही. तुम्हाला आहे. अम्मानं तुम्हाला सांगितलं होतं ना? वहीला नव्हतं सांगितलं."

"कुणाला वाचता येत नाही म्हणून..."

"तुमच्या घरातच येत होतं की, अक्का."

तुंगाबाईंनी हात जोडले. बहात्तर वर्षांच्या बाईनं सत्तावीस वर्षांच्या मुलीपुढे. रूपश्रीनं ते हात खाली केले, पण 'जाऊ दे' म्हणाली नाही. कॉफीचा पेला तसाच ठेवून गेली.

मग तुंगाबाईंनी जे केलं ते करू नका म्हणून मी विनवलं होतं. एकशे चौदांपैकी एकतीस जणांचा शेरा नाजूक होता. त्या एकतीस घरी त्या चालत जाऊन सांगून आल्या: तुमची गोष्ट कित्येक दिवस उघड्यावर होती, माझ्यामुळे. आता काढली आहे, पण कुणी उतरवून घेतली असेल तर मला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर बावरू नका.

"त्यांना पत्ताच नाहीये, तुंगाक्का. कशाला जाता?"

"रूपश्रीला परक्या माणसाच्या तोंडून कळलं. बाकीच्यांना तरी माझ्या तोंडून कळू दे."

काही घरी पाणीही मिळालं नाही. एका घरी यजमान म्हणाले, "आम्ही विसरलो होतो हो ते. तुम्ही आठवण ठेवलीत." एकीनं दार अर्धं उघडून सगळं ऐकलं आणि अर्धंच लावून घेतलं. हनुमंतनगरातल्या एका बाईनं तेवढं आत बोलावून जेवायला वाढलं, आणि जेवताना एक अक्षरही बोलली नाही. एकतीस घरं व्हायला पाच आठवडे लागले. त्यानंतर अंगणात नळ सोडून त्यांच्याशी कुणी बोललं नाही. लग्नांची बोलावणी येत, अक्षता टाकून घेत, जेवायला बसवत. त्या येताना दिसल्या की बायका साड्यांच्या भावावर येत. मंडळानं त्या वर्षी हयवदनांना शाल दिली. वेबसाइट अजून आहे, शेऱ्यांचा रकाना सोडून. पत्ते आणि फोन तसेच आहेत. त्याला कुणाची हरकत नाही.

जूनमध्ये रूपश्री बेंगळूर सोडून दुसऱ्या गावी नोकरीवर गेली. कोणतं गाव ते हेमावतीनं मला सांगितलं, आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. "तुंगाक्कांना नको कळू दे. त्या वाईट नाहीत. पण नको."

श्रावणात मी हळदीकुंकवाचं सांगायला तुंगाबाईंकडे गेले होते. सुब्बाराव ओसरीवर पेंगत होते. तुंगाबाई फरसबी मोडत बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग शेंगेवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "रूपश्री कुठे असते गं? बरी आहे ना?"

"बरी आहे असं ऐकते. कुठे असते ते मला ठाऊक नाही."

माझा आवाज मलाच खोटा वाटला. चाळीस वर्षं बायकांचे आवाज ऐकलेल्या त्या कानांना तो कसा वाटला असेल? त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि ताटली माझ्या बाजूला सरकवली.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "सांगू नकोस हो. मी विचारलं तरी सांगू नकोस."

आम्ही दोघी शेंगा मोडत राहिलो.