नुरियाच्या आडनावाचं आणखी कोणी आहे का?

आज रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात शेजारच्या नुरियाने विचारलं, "तू डेटावाली ना? माझ्या आडनावाचं अजून कोणी आहे का, शोध."

नुरिया युरोपातली, कॅटलान भाषा बोलणारी. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतं, तसं तिचं आडनाव डोंगरातल्या एका मळ्यावरून पडलंय. पहाटे तिचे वडील गेले. भावंडं नाहीत. रात्रीच्या विमानाने ती निघतेय.

तिकडच्या सरकारी साइटवर काहीच आलं नाही. माणसं फार थोडी असली, तर ती साइट आकडा दाखवत नाही.

"म्हणजे मी एकटीच?"

"एकटी, किंवा आणखी दोघं-तिघं. यावरून कळत नाही."

"तू म्हणजे ना! बरं वाटेल असं सांग काहीतरी."

आडनाव इथे लिहून तुम्हालाही विचारता येत नाही, कारण लिहिलं तर थेट तीच सापडेल.

तुम्ही काय सांगितलं असतं?