पहिला तांब्या पायावर

मिरजगावात कुणाकडं बाळ जन्मलं की चांगुणाबाईला निरोप जायचाच. बाळाला न्हाऊ घालावं तर तिनंच. पाटावर पाय लांब करून बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची आणि आधी गरम पाण्यात विसण घालून पहिला तांब्या स्वतःच्या नडग्यांवर ओतायची. हातांना घट्टे पडलेले, त्यांना काय कळतंय; पाणी खरं कळतं ते नडगीला, असं तिचं म्हणणं. पाणी पटलं की मगच बाळ पायांवर पालथं. आणि ते पठ्ठं पायावर आलं की हमखास मुतायचं. ती कोमट धार नडगीवरून ओघळली की चांगुणाबाई खुदकन हसायची आणि म्हणायची, "झाली गं वळख."

अशा या बाईच्या पायांनाच काय धाड भरली कुणास ठाऊक. तळपायांची नुसती आग. चादरीचा काठ लागला तरी सोसेना. काढे झाले, एरंडेल चोळून झालं. पुढं आग तशीच, पण पाय मात्र परक्याचे असल्यासारखे. लेक दिशा कोपरगावला दिलेली, तिला नुकतेच दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच होणार. आईचे पाय धड नसतील तर बाळाला न्हाऊ कोण घालणार, म्हणून तिनंच आईला नगरला एका दवाखान्यात नेलं.

तिथं पायाला तारा चिकटवून शॉक दिले. पाय टुणकन उडायचा आणि मशीनवर रेघ उमटायची. डॉक्टर म्हणाले, "नसा ठणठणीत आहेत, मावशी." झालं. घरी चांगुणाबाईचा नवरा कल्याण म्हणाला, "बघ, काय न्हाई तुला. मनाचे खेळ सगळे." माणसाला रिपोर्ट कळतो, बायकोचे पाय कळत नाहीत, त्याला काय करणार. पण खरी गोष्ट ही की चांगुणाबाईनंही ते मानलं. मशीन खोटं कशाला बोलंल, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

त्याच आठवड्यात शेजारच्या अश्विनीच्या तान्ह्या पोरीची अंघोळ होती. चांगुणाबाईनं बंबाचं पाणी काढलं, विसण घातलं आणि पहिला तांब्या पायांवर ओतला. कोमट वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि त्यालाच ती कोमट समजली.

"आन गं पोरीला," ती म्हणाली.

अश्विनी बाळ घेऊन वाकली. तोंडावर वाफ आली म्हणून तिनं एक हात बादलीत घातला आणि चटका बसून मागं घेतला. "मावशी, थांबा. तुमचे पाय बघा."

दोन्ही नडग्या लालभडक झाल्या होत्या. दोघींच्या डोळ्यांदेखत एक फोड वर आला. चांगुणाबाई त्याच्याकडं दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तशी बघत राहिली. पोरगी भाजता भाजता वाचली होती. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. भीतीसुद्धा धड वाटली नाही. ती उठली, पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि घरी गेली. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला.

फोड सुकल्यावर दिशानं तिला दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, सगळं ऐकून घेणाऱ्या. डोळे मिटायला लावून त्यांनी एक गरम नळी, एक गार नळी पायाला लावली. चांगुणाबाई दोन्ही वेळा म्हणाली, "काय न्हाई कळत."

"शॉकच्या तपासात जाड नसाच दिसतात," बाई म्हणाल्या. "गरम, गार, टोचणं सांगणाऱ्या नसा केसाहून बारीक. त्या बघायला कातडीचा तुकडा काढावा लागतो."

घोट्याच्या वरची जागा बधिर करायला सुई आणली तेव्हा चांगुणाबाई म्हणाली, "आता आनि बधिर कशाला करताय?" बाईंनी सुई दिलीच. पेन्सिलीसारख्या गोल पात्यानं मसुराएवढा तुकडा काढला, दुसरा मांडीचा काढला आणि दोन्ही पुण्याला पाठवले. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. मांडीतल्या नसा बऱ्या होत्या. घोट्यावरच्या बारीक नसा जवळजवळ संपल्या होत्या. रक्तात साखरही निघाली. गोळ्या लिहून दिल्या. राहिलेलं सांभाळू, बाई म्हणाल्या, गेलेलं परत येईलच असं सांगवत नाही.

दुखणं खरं निघालं. कल्याण मान खाली घालून बसला. चांगुणाबाईला ना त्याचा राग आला, ना बरं वाटलं.

दिशाला मुलगा झाला. चांगुणाबाई म्हणाली, "दुसरी बाई बघ. मी न्हाई घालायची त्याला पानी."

"पाणी मी बघते," दिशा म्हणाली. "पाय तुझेच पाहिजेत मला."

तिनं पाट मांडून आईला बसवलं, पाणी विसणलं, पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतून पाहिला आणि बाळ आईच्या नडग्यांवर ठेवलं. बाळाचं वजन चांगुणाबाईला कळलं. पाठीवरून हात फिरवला, मऊपणा कळला. तेवढं शाबूत होतं. सवयीनं ती बाळाला तेल चोळू लागली.

अश्विनी दारातून बघत होती, ती हसायला लागली. दिशाही हसली. "आई, मुतला की गं."

चांगुणाबाईनं खाली पाहिलं. धार नडगीवरून ओघळून तुकडा काढल्याच्या गोल वणाला वळसा घालून पाटावर ठिबकत होती. दोघी तिच्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या.

"कोमट हाय का गं?" तिनं विचारलं.

दिशाचं हसू थांबलं. तिनं आईच्या नडगीवर बोट टेकवलं. "हाय आई. कोमट हाय."

"झाली मग वळख," चांगुणाबाई म्हणाली. "तांब्या दे."