सालीचे चेहरे आणि स्पिरिटची बाटली

“शेषराव, तोंड उघडा. हा करा,” मी म्हणालो.

वर्कशॉपमधले सहा जण काम थांबवून बघत होते. शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजर पाठकांकडे, आणि श्वास सोडला. सुपारीचासुद्धा वास नव्हता. मी मानेनेच नाही म्हटलं. पाठक म्हणाले, “हुशार आहे. सकाळी घेत नसेल.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका हस्तकला एम्पोरियममध्ये मी फिनिशिंग इन्स्पेक्टर होतो. कारागिराकडून आलेली वस्तू दुकानात मांडण्याआधी तिला कोणतं पॉलिश द्यायचं, हे ठरवणं माझं काम. स्वभाव आधीच संशयी, त्यात हुद्दाही तसाच मिळाला.

त्या वर्षी आम्ही कन्हानच्या डोमाजींकडून पहिल्यांदाच माल घेतला. डोमाजी झाडाच्या जाड सालीत माणसांचे चेहरे कोरायचे. म्हाताऱ्या, दाढीवाले बाबा. सालीच्या भेगा ते सुरकुत्या म्हणून वापरायचे. आम्ही त्यांवर लाखेचं पॉलिश दिलं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापसाच्या बोळ्याने हलके हात मारायचे. स्पिरिट उडून जातं, लाख राहते. आमच्या सागवानी पेट्यांवर वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं, मग चेहऱ्यांवर काय वेगळं होणार?

मुंबईच्या शोरूमला पाठवलेले बारा चेहरे परत आले. गुंडाळलेलं वर्तमानपत्र गालांना चिकटलेलं. एका म्हातारीच्या कपाळावर सिनेमाची जाहिरात उलटी उमटली होती. सोबत पत्र: असला माल पुन्हा पाठवू नये. आणि महिन्याभरात चाळीस चेहरे दिल्लीच्या प्रदर्शनाला जायचे होते.

पाठकांचं निदान तयार होतं. “पॉलिशवाला स्पिरिट पितो आणि बाटलीत पाणी भरतो. दुसरं काय? दिल्लीच्या मालाचं असंच झालं, तर त्याला घरी बसवतो.” पॉलिशवाले म्हणजे शेषराव, आणि ते रोजंदारीवर होते. त्यांना घरी बसवायला साहेबांचा एक शब्द पुरे होता.

पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं, तरी पिणारे पितात. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा ना. मी बाटलीच्या लेबलवर पेन्सिलीने पातळीची खूण केली. शेषराव डबा घेऊन बाहेर बसले, की बाटली उजेडात धरून बघायचो. दुपारी त्यांच्याशी उगाच बोलायला जायचो, नाक पुढे करून. शेवटी सगळ्यांसमोर तोंड हुंगलं, ते वर सांगितलंच.

त्या संध्याकाळी शेषराव माझ्या टेबलाशी आले.

“सायब, आमच्या घरच्यायनं छप्पन साली दीक्षा घेतली. मी बापाच्या बाजूले उभा होतो. दारू पिणार नाई, अशी शपथ हाये आमची. तुमी मले इचारलं काहून नाई? सरळ हुंगलंच?”

“जा आता,” मी म्हणालो.

घरी गेल्यावर डोकं ठिकाणावर आलं. स्पिरिटमध्ये पाणी असलं तर पॉलिश पांढरट पडतं. इथे पांढरेपणा नव्हता, चिकटपणा होता. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पण मी माल सोडून माणूस तपासत बसलो होतो. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शेषरावांना एकाच बाटलीतून एक सागाचा तुकडा आणि एक चेहरा पॉलिश करायला लावलं. एक दिवस जाऊ दिला. साग कडक वाळला. चेहऱ्याला बोट चिकटलं. म्हणजे दोष सालीत होता. मग माझा संशय डोमाजींकडे वळला: हा माणूस ओली साल देतो. मी कन्हानची बस धरली. शेषराव न विचारता शेजारी येऊन बसले.

डोमाजी भडकले. “ओली? दोन उन्हाये सुकवली साल, मंग हात लावला!”

ओसरीवर त्यांची बायको अनसूयाबाई वाटी घेऊन बसली होती. मांडीवर नवा चेहरा. ती अंगठ्याने त्याचं नाक चोळत होती, तान्ह्या बाळाचं चोळतात तसं.

“हे काय करता, बाई?”

“तेल लावून राहिली. डोये उघडले न त्याचे. लेकरू कोरडं कोनी घराभाईर काढते का?”

“कोणतं तेल?”

“गोडं. पयले बाजारात नेत होतो तवा जवसाचं लावत होती. आता तुमच्या दुकानात जाते, म्हनून चांगलं आनलं.”

आमच्या मानासाठी तिने तेल बदललं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला होता. गोडं, म्हणजे खायचं शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. सालीत मुरतं आणि ओलं राहतं, त्यावर लाख धरत नाही. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. मी हे समजावणार, तेवढ्यात शेषरावच बोलले.

“बाई, जवसाचंच लावत जा. आमी वरून पॉलिश मारत नाई. सायब, याले लाख नोको.”

पॉलिशवाल्याने पॉलिशला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि त्याचं बरोबर होतं. गोडं तेल न लागलेल्या नव्या चेहऱ्यांना जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, दर वेळी पुसून, वाळू देऊन. शेवटी थोडं मेण. चाळीस चेहरे दिल्लीला गेले, एकही परत आला नाही. पाठकांनी वर कळवलं: स्पिरिटवर कडक देखरेख ठेवल्यामुळे दोष दूर झाला.

शेषरावांना बाजूला बोलावून म्हणालो, “चूक झाली माझी.”

“हुंगलं तवा सहा जन होते, सायब.”

सहा जणांसमोर माफी मागायला माझी जीभ उचलेना. उद्या बघू, परवा बघू, करता करता ते राहूनच गेलं. त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेषराव कामावर आले, की आधी माझ्या टेबलाशी यायचे, वाकायचे आणि माझ्या तोंडावर श्वास सोडायचे. “हा.” मग कामाला लागायचे. मी रिटायर होईपर्यंत एक दिवस चुकला नाही.

नव्या इन्स्पेक्टरला चार्ज देताना मी एवढंच सांगितलं, की माल आला की आधी नाकाला लावून बघ. डोमाजींच्या पोत्यातून आलेले, तेल लावलेले चेहरे माझ्या हाताखालून गेले होते. त्यातला एकही मी हुंगला नव्हता.