भिंतीवरचं पत्रक, डब्यामागची गोळी

घरच्या आजारी माणसाने तुमचं सोडून दुसऱ्याचं ऐकलं, तर तुम्हाला खरंच आनंद होतो का? मला झाला नव्हता. फिल्टर कॉफीचा वास आला की तंजावूरच्या आमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. वाढलेल्या रक्तदाबाने आजोबांचं अर्धं अंग गेलं होतं, आणि आता गोळ्या असूनही आईचाही दाब उतरत नव्हता. औषधांची माहिती लोकांना त्यांच्या भाषेत सांगा म्हणून सभांमध्ये भांडणारी मी; चुलीमागच्या भिंतीवर माझं पत्रक लाल, ठळक मराठीत चिकटवलं होतं. नुकतीच डॉक्टर झालेली मामेबहीण आली, तिने आईच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि म्हणाली, "आत्या, गोळी कशी घेता, दाखवा बघू." आईने कॉफीच्या डब्यामागून जवळजवळ भरलेलं पाकीट काढलं. "डोकं जड झालं की एक घेते." मी भडकले, "रोज घ्यायची म्हणून भिंतीवर लिहिलंय ना!" आई हळूच म्हणाली, "मराठी बोलते, पण वाचता मला तमिळच येतं गं. तू एवढ्या हौसेने लावलंस, कसं सांगू?" बहीण हसलीसुद्धा नाही. "डोकं दुखो न दुखो, सकाळच्या कॉफीच्या वेळी रोज एक." "बरं कण्णा," तमिळमध्ये लेकराला म्हणतात तसं आई म्हणाली. मला ती इतक्या लाडाने कधी बरं म्हणाली नव्हती. पुढे दाब उतरला, मी मात्र जळत राहिले; अजून थोडी जळते. पण तुम्ही आज घरी गेल्यावर आईला "गोळी घेतलीस का" असं विचारू नका. "कशी घेतेस ते दाखव" म्हणा, आणि तिचं सांगून होईपर्यंत गप्प बसा.